आधी व्हीसीआर वाचवा, मग कॅसेट

कॅसेट जपायची म्हणजे ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकायची, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत कॅसेटच्या आधी ती चालवणारा व्हीसीआर संपतो. जेव्हीसी या जपानी कंपनीने व्हीएचएस पद्धत १९७६ साली बाजारात आणली आणि अगदी शेवटपर्यंत व्हीसीआर तयार करत राहिलेल्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज जी यंत्रे शिल्लक आहेत त्यांचे रबरी पट्टे सैल झाले आहेत, फीत वाचणारे हेड झिजत आहेत आणि ती उघडून बसणारे कारागीरही वयस्कर झाले आहेत. त्यामुळे घरातल्या कॅसेटी, व्हीसीडी आणि डीव्हीडी टिकवायच्या असतील, तर पहिले काम चालू स्थितीतला एक व्हीसीआर मिळवण्याचे आणि तो सांभाळण्याचे आहे. प्रती काढणे, जतन करणे, एकमेकांना देणे-घेणे हे सगळे त्यानंतर येते.

हा व्हीसीआर प्रत्येकाच्या घरी असण्याची गरज नाही. ऐंशीच्या दशकात तो कुठे होता? वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, अंगणात किंवा तालमीच्या समोर मांडायचा आणि उजाडेपर्यंत लागोपाठ तीन चित्रपट बघायचे, ही पद्धत आजच्या पन्नाशीच्या माणसांना सांगावी लागत नाही. एक यंत्र साऱ्या गल्लीला पुरत होते आणि आजही पुरेल. फरक इतकाच, की आता ते चित्रपट बघण्यासाठी नव्हे तर घरोघरच्या कॅसेटींच्या प्रती काढण्यासाठी फिरवायचे आहे.

सगळे काही मोबाइलवर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. स्ट्रीमिंगवर चित्रपट दिसतो तो त्या कंपनीचा हक्कधारकाशी करार असेपर्यंत. करार संपला की तो एका रात्रीत नाहीसा होतो, आणि ‘विकत घेतलेला’ डिजिटल चित्रपटसुद्धा बहुतेक ठिकाणी केवळ पाहण्याचा परवाना असतो. हातातल्या डिस्कचे तसे नसते. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि जिथे १९२९ साली प्रभात कंपनी जन्मली, त्या शहराला हे वेगळे समजावून देण्याची गरज नसावी. पेंटरांचा कॅमेरा आपण खरी कॉर्नरला स्मारक करून उभा केला, पण त्या काळच्या मूकपटांपैकी फारच थोडे आज पाहायला मिळतात. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली आणि पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. चित्रपटांसाठी निदान १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय तरी आहे. तुमच्या काकांच्या लग्नाच्या कॅसेटीसाठी तुमच्याशिवाय कोणीही नाही.

आधी काय वाचवायचे

सगळा ऐवज एकदा जमिनीवर मांडावा आणि त्याचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात जगात ज्याची दुसरी प्रत नाही ते सारे यावे: लग्न, बारसे, साठीशांत, तालमीची गणपतीची मिरवणूक, शाहू स्टेडियमवरचा एखादा फुटबॉल सामना, खासबागेतली कुस्ती, केशवराव भोसले नाट्यगृहात झालेला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम. हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. तेव्हापासून जुन्या रंगमंचाचे चित्रण असलेल्या साध्या घरगुती कॅसेटीलाही वेगळे मोल आले आहे. दुसऱ्या ढिगात जुनी मराठी नाटके, कीर्तने, लोकनाट्ये आणि लहान कंपन्यांनी काढलेल्या व्हीसीडी ठेवाव्यात. त्या विकत आणलेल्या असल्या तरी स्ट्रीमिंगवर शोधून पाहाव्यात, कारण त्यांतल्या कित्येक तिथे सापडत नाहीत. जे कुठेही सहज मिळते ते तिसऱ्या ढिगात टाकावे आणि त्याला हात लावण्याची घाई करू नये. माणसे नेमकी उलट वागतात. हिंदी चित्रपटांच्या डिस्क कव्हर घालून रांगेत लावलेल्या असतात आणि मुंजीची कॅसेट ट्रंकेत तळाला पडलेली असते.

यंत्र तपासणे

जुना व्हीसीआर मिळाला की पहिल्याच दिवशी त्यात लग्नाची कॅसेट घालू नये. एखादी टाकाऊ कॅसेट घालून ती पाच-पाच मिनिटे पुढे-मागे फिरवावी आणि बाहेर काढून झडपेखालची फीत पाहावी. फितीच्या कडेला चुण्या पडल्या असतील किंवा फीत आत अडकून लोंबत राहत असेल, तर पट्टा किंवा दाबाचे रबरी चाक गेले आहे असे समजावे. हे भाग बदलता येतात. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील आणि ट्रॅकिंगचे बटण फिरवूनही चित्र येत नसेल, तर बहुधा हेडवर मळ बसलेला असतो.

हेड साफ करण्याचे काम घरी होऊ शकते, पण एका बाबतीत चूक चालत नाही. प्लग काढून वरचे झाकण उघडावे. मध्ये किंचित तिरके बसवलेले चकचकीत पिंप दिसते, तो ड्रम. त्याच्या कडेच्या बारीक खाचांत हेड बसवलेले असतात आणि ते नखाच्या टोकाहून लहान असतात. मऊ चामड्याचा तुकडा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून ड्रमच्या बाजूला नुसता टेकवून धरावा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवावा. चामडे हलवायचे नाही, ड्रम हलवायचा. चामडे वर-खाली घासले की हेड तुटतो आणि तो पुन्हा मिळत नाही. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू खाचेत अडकतात. अल्कोहोल पूर्ण वाळल्यावरच झाकण लावावे.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर तिचे चित्र काळे-पांढरे किंवा सरकलेले दिसू शकते. टीव्हीच्या चित्राची आपल्याकडे पाल पद्धत चालते, अमेरिकेत एनटीएससी. अशा कॅसेटीसाठी दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर शोधावा लागतो, बिचाऱ्या कॅसेटीचा त्यात दोष नसतो.

कॅसेट हातात घेतल्यावर

कॅसेट उजेडाकडे धरून तिच्या खिडकीतून फितीचे वेटोळे पाहावे. ते काळेभोर आणि गुळगुळीत दिसले तर ठीक. त्यावर पिठासारखी पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती सहज धरते. मग कडेवरची खिट्टी दाबून पुढची झडप उचलावी आणि फितीचा उघडा भाग पाहावा. कुबट वास येतो का, फीत एकमेकीला चिकटली आहे का, हेही या वेळीच कळते. प्रत काढण्याआधी कॅसेटीच्या मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी तुटलेली आहे ना, याची खात्री करावी. ती शाबूत असेल तर मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी लग्नावर बातम्या चढणार नाहीत.

बुरशीच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगतो. २०१९ च्या महापुरानंतर आत्याच्या घरची ट्रंक माळ्यावरून खाली काढली. माळ्यापर्यंत पाणी पोहोचले नव्हते, म्हणून कॅसेटी कोरड्याच असणार असे धरून मी पहिलीच कॅसेट माझ्या चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली. दोन मिनिटांत चित्र गेले. कॅसेट बाहेर काढून पाहतो तो फितीवर पांढरा थर होता, तो आता हेडला आणि मार्गातल्या सगळ्या खांबांना लागला होता, आणि त्यानंतर मी घातलेल्या दुसऱ्या, धडधाकट कॅसेटीवर आडवा ओरखडा उठला. भिंतीतली ओल वर चढते आणि बंद ट्रंकेत कोंडून राहते, हे मला तेव्हा कळले. त्या दिवसापासून संशयास्पद कॅसेटींसाठी मी वेगळा, टाकाऊ व्हीसीआर ठेवतो आणि हाच नियम सगळ्यांनी पाळावा असे मला वाटते.

बुरशी काढण्याचे काम घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून आणि हातमोजे घालून करावे. आधी ती कॅसेट ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात आठ-पंधरा दिवस ठेवावी, म्हणजे ओली बुरशी सुकून भुकटी होते आणि फासली जात नाही. नंतर कॅसेट उलटी करून तिचे पाच स्क्रू काढावेत, आणि उघडण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा. कारण आतले स्प्रिंग आणि छोटी चाके कुठे होती हे नंतर आठवत नाही. वेटोळ्याच्या वरची भुकटी मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडावी, मग फीत टाकाऊ व्हीसीआरवर एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळावी आणि दर वेळी तो व्हीसीआर पुसावा. कॅसेटीचे कवच फारच खराब झाले असेल तर दोन्ही रिळे उचलून एखाद्या चांगल्या रिकाम्या कॅसेटीत बसवता येतात.

फीत तुटली असेल तर साधी चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा गोंद पाझरतो आणि हेडला लागतो. जोडकामाची खास पट्टी मिळते; ती फितीच्या आतल्या बाजूला लावायची. झडप उघडल्यावर जी बाजू आपल्याकडे तोंड करून असते ती ड्रमला लागते, तिच्यावर काहीही चिकटवायचे नाही. जोडलेली कॅसेट एकदाच चालवावी, तीही प्रत काढताना.

प्रत्यक्ष पुराच्या पाण्यात बुडालेल्या कॅसेटीचा मामला वेगळा आहे. शाहूपुरी, दुधाळी, शुक्रवार पेठ किंवा नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी हे आधीच वाचून ठेवावे. चिखल वाळला की तो फितीच्या थरांत सिमेंटसारखा बसतो, म्हणून भिजलेली कॅसेट उन्हात टाकू नये, हेअर ड्रायर लावू नये आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नये. ती स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवावी, उघडून आतला गाळ वाहत्या पाण्याने हळूहळू काढावा, शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढावी आणि सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर कित्येक दिवस सुकू द्यावी. पूर्ण सुकेपर्यंत ती चालवायची नाही. डीव्हीडी-सीडी त्या मानाने सोशिक असतात. त्या धुऊन मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसल्या की बहुधा पुन्हा लागतात. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की घरातले लोक धान्य आणि कागदपत्रे वर चढवतात. त्या यादीत पहिल्या ढिगाची पेटीही घालावी.

प्रत कशी काढावी

व्हीसीआरच्या मागे पिवळे, पांढरे आणि लाल असे तीन सॉकेट असतात. पिवळा चित्राचा, बाकीचे दोन आवाजाचे. त्यांतून केबल घेऊन चित्र संगणकात उतरवणाऱ्या यूएसबी कॅप्चर कार्डाला जोडायची आणि ते संगणकाला लावायचे, इतकी ही जोडणी सोपी आहे. अडचण येते ती स्वस्त कार्डांत. जुन्या कॅसेटीचा सिग्नल थरथरता असतो आणि असे कार्ड मधल्या फ्रेम गाळते, मग तासाभरात ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे व्हीसीआर आणि कार्ड यांच्या मध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडणे. त्यात डिस्क घालायची नसते, नुसता सिग्नल त्यातून जाऊ द्यायचा. अशा कित्येक रेकॉर्डरांत चित्र स्थिर करणारे सर्किट असते आणि त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो.

पाल पद्धतीचे चित्र सेकंदाला २५ फ्रेमचे, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. म्हणून मूळ प्रत ७२० गुणिले ५७६ या आकारात आणि ती अर्धी चित्रे तशीच राखून घ्यावी. व्हर्च्युअलडब हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी चांगले आहे. ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरायचे असेल तर त्यात डीइंटरलेसिंगसाठी, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे करण्यासाठी, ‘याडिफ टू एक्स’ निवडून सेकंदाला ५० फ्रेमवर रेकॉर्ड करावे, नाहीतर नाचणाऱ्या वरातीच्या कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या दिसतात. जागेची चिंता अनाठायी आहे. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने तासाला साडेचार जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या पूर्ण कॅसेटीला साडेतेरा जीबी. संग्रहालये वापरतात तशी काहीही न गमावणारी एफएफव्ही१ प्रत हवी असेल तर जागा याच्या कित्येक पट लागते. पहिल्या ढिगातल्या निवडक कॅसेटींसाठी ती घ्यावी, बाकीच्यांसाठी आग्रह धरू नये. मोबाइलवर पाठवण्याची लहान प्रत नंतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने काढता येते.

कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ प्रतीला लागतो. हे काम दुप्पट वेगाने होत नाही. सुरुवातीला फीत शेवटपर्यंत नेऊन पुन्हा गुंडाळून घ्यावी म्हणजे तिचा ताण सारखा होतो. पहिली दहा मिनिटे समोर बसून आवाज आणि चित्र दोन्ही तपासावे, मग खुशाल दुसरे काम करावे. चित्राच्या अगदी तळाला जी वेडीवाकडी रेघ दिसते ती व्हीएचएसमध्ये असतेच, तिच्यासाठी यंत्र खोलत बसू नये.

मिनी डीव्ही कॅसेटीसाठी मात्र हा तीन रंगांचा मार्ग चुकीचा आहे. त्या छोट्या फितीवर चित्र आधीच डिजिटल स्वरूपात असते, म्हणून ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग झाले त्याच जातीचा कॅमेरा, तो संगणकाला जोडणारी फायरवायर केबल आणि फायरवायरचे कार्ड असलेला एखादा जुना डेस्कटॉप शोधावा. मग फितीवरची माहिती जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण १३ जीबी. २००० नंतरच्या दशकातली कित्येक लग्ने या फितींवर आहेत आणि शूटिंगवाल्याने घरच्यांना दिली ती त्यावरून बनवलेली, दाबून लहान केलेली डीव्हीडी. शूटिंगवाल्याचे दुकान अजून असेल तर मूळ कॅसेट त्याच्याकडे पडून आहे का, हे जाऊन विचारावे. बहुतेकांनी ती पुसून पुन्हा वापरलेली असते, तरी विचारण्यात काही जात नाही.

हे सगळे घरी जमणार नाही असे वाटले तर दुकानात द्यायला हरकत नाही, पण चार गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. मी एकदा शहरातल्या एका दुकानात तीन कॅसेटी दिल्या होत्या. परत मिळाली ती डीव्हीडी, तिच्यावर दुकानाचे नाव सतत सरकत होते, चित्र बाजूंनी ताणलेले होते, आणि पिशवीत तिसरी कॅसेट निघाली ती कुणा अनोळखी माणसाच्या घरभरणीची. तेव्हापासून मी प्रत्येक कॅसेटीवर पेन्सिलीने क्रमांक घालतो आणि पावतीवर तो लिहून घेतो. डीव्हीडी नव्हे, फाइल पेनड्राइव्हवर हवी. चित्रावर नाव किंवा संगीत चढवायचे नाही. आकार ताणायचा नाही. मूळ कॅसेट परत हवी, एवढे लिहून द्यावे.

डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे

कॅसेटीची डीव्हीडी करून कॅसेट भंगारात दिली, असे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. घरी किंवा दुकानात बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन, उष्णता व काळ यांनी फिका पडतो. कारखान्यात छापलेली डिस्क त्याहून टिकाऊ, पण तिचाही ॲल्युमिनियमचा थर हवा शिरली तर डागाळतो. सीडी आणि व्हीसीडीचा खरा जीव खालच्या चकाकत्या बाजूला नसून वरच्या, चित्र असलेल्या बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून खालचा ओरखडा चालून जातो, वरचा ओरखडा त्या ठिकाणचे चित्र कायमचे नेतो. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो. दोन्हींवर स्टिकर चिकटवू नये, बॉलपेनने लिहू नये. लिहायचेच तर मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहावे. ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळण्याचा उपाय ऐकू नये.

व्हीसीडीतली चित्राची डॅट फाइल संगणकावर नुसती ओढून घेतली तर मध्येच चूक दाखवून काम थांबते, कारण तिची मांडणी साध्या फाइलपेक्षा वेगळी असते. व्हीसीडीगिअरसारखे साधन वापरले की ती नीट उतरते. एखादी डिस्क एका ड्राइव्हमध्ये लागत नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. डीडीरेस्क्यू हे साधन खराब भाग सोडून आधी चांगला भाग उतरवते आणि मग उरलेल्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. ज्या रेकॉर्डरवर डिस्क बनवली त्यावर ती ‘फायनलाइझ’ करायची, म्हणजे रेकॉर्डिंगची शेवटची पायरी पूर्ण करायची, राहिली असेल तर ती इतरत्र रिकामी दिसते, तेव्हा ती रिकामी समजून टाकू नये.

मूळ वस्तू उभ्या ठेवाव्यात, पुस्तकासारख्या. भिंतीला टेकलेल्या कपाटापेक्षा घराच्या मधल्या खोलीतले कपाट बरे, आणि स्पीकरच्या जवळ कॅसेट नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घालावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात.

फाइलींच्या किमान तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. नदीकडच्या पेठेत राहणाऱ्याने ती राजारामपुरीसारख्या चढावरच्या नातेवाइकाकडे द्यावी, तिसरी क्लाउडवर ठेवली तरी चालेल. हार्ड डिस्क न वापरता पडून राहिली तरी बिघडते. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, त्याच दिवशी मी दोन्ही डिस्क संगणकाला लावून फाइली उघडून पाहतो. फाइलीच्या नावात वर्ष आधी, मग प्रसंग, मग गाव लिहावे, आणि सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलीत कोण कोण दिसते ते नोंदवावे. ही नोंद करण्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रत दाखवावी आणि ते बोलत असताना मोबाइलवर आवाज घ्यावा. पंगतीत वाढणारी ती बाई कोण, हे सांगणारे माणूस पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

देणे-घेणे

आता गल्लीच्या व्हीसीआरकडे परत येतो. पाच-सहा घरांनी मिळून एक चांगला व्हीसीआर, एक टाकाऊ व्हीसीआर, एक कॅप्चर कार्ड आणि केबलींचा संच घ्यावा. एकाने तो सांभाळावा आणि एका वहीत कोणी कधी नेला, कोणत्या स्थितीत परत दिला, हे लिहावे. कॅसेटींपेक्षा यंत्र नेण्या-आणण्याला मी प्राधान्य देतो. कॅसेट घराबाहेर पडली की ती हरवण्याची शक्यता वाढते; यंत्र एका रविवारी तुमच्या घरी, पुढच्या रविवारी शेजारी असे फिरले तर सगळ्यांच्या पहिल्या ढिगाची प्रत घरच्या घरी होते. विकत घेतलेल्या डिस्क मात्र आनंदाने फिरवाव्यात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी विकायला सुरुवात केल्यावर मराठी घरांत त्यांचे ढीग जमले. ते आता रद्दीबरोबर जात आहेत, त्यांतून निवडून घ्यावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. स्वतःच्या घरच्या समारंभाच्या चित्रणाची प्रत नातेवाइकांत वाटायला अडचण येत नाही. विकत घेतलेली अस्सल डिस्क मित्राला पाहायला देणे वेगळे आणि तिच्या प्रती काढून वाटणे वेगळे. दुसरी गोष्ट करू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ चित्रपटाच्या प्रती व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडे ठेवतो, पण नफा न मिळवणारे ग्रंथालय किंवा शिक्षणसंस्था कायदेशीर मार्गाने मिळवलेली प्रत विनानफा वापरायला देते, तेव्हा ते व्यावसायिक भाडे धरले जात नाही. म्हणून मंडळाने पैसे आकारून डिस्क फिरवण्यापेक्षा जवळच्या सार्वजनिक वाचनालयाशी बोलून तिथे एक कपाट मिळवावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी वापराची सवलत चित्रपटांनाही लागू झाली, मात्र त्याच दुरुस्तीने डिस्कवरचे प्रत काढू न देणारे कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा गुन्हा ठरवला. चौकात पडदा लावून चित्रपट दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते. अपवाद हक्क संपलेल्या चित्रपटांचा: प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो, म्हणजे १९६० सालचा चित्रपट १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाला.

व्हीसीआर पुढच्या घरी देताना त्याच्या खोक्यात अल्कोहोलची बाटली, चामड्याचा तुकडा, टाकाऊ चाचणीची कॅसेट आणि रिमोट आहे का ते पाहावे. आत कॅसेट राहिलेली नसावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात खोके ज्याच्या घरी वरचा मजला आहे त्याच्याकडेच राहावे. कोणाची पाळी नसली तरी महिन्यातून एकदा तो अर्धा तास चालवावा, म्हणजे रबर एका जागी दबून बसत नाही.